सरपणासाठी परवडणारी चेनसॉ कशी निवडावी: पैसे देण्याआधी चेन ओळखा

रोजच्या चुलीला तुराट्या-पऱ्हाट्या पुरतात. चेनसॉ, म्हणजे फिरत्या दातेरी चेननं लाकूड कापणारी मशीन, लागते ती वळवाच्या वाऱ्यात बांधावरची बाभूळ आडवी झाली, ओढ्याकाठची वेडी बाभूळ साफ करायची निघाली, नाहीतर घरात लग्न ठरलं की. आमचं रान दुधना नदीच्या काठाला आहे. गेली बारा-तेरा वर्षं घरचं आणि भावकीतलं सरपण मीच कापतो. एवढ्या काळात तीन मशिनी वापरल्या आणि पहिली घेताना पुरता फसलो. आजही कुणी मशीन घ्यायला निघालं की चार जण एकच सांगतात, "मोठी घे, जास्त सीसीची घे." हा सल्ला चुकीचा आहे. त्याच्यापायी लोकांचे पैसे वाया जाताना मी पाहिलेत, म्हणून हे लिहितोय.

कापायचं काय, ते ठरवा

वर्षाला दोन-तीन ट्रॉली सरपण आणि फूट-सव्वा फूट जाडीचे बुंधे, यात बहुतेक घरांचं काम बसतं. याच हिशोबानं मशीन घ्या. दहा वर्षांत एकदा पडणाऱ्या जुन्या लिंबासाठी मोठी मशीन घेऊ नका, त्या दिवशी कापणाऱ्याला बोलवा. आणि आंबा, चिंच, जांभूळ, साग ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत. ती स्वतःच्या बांधावर असली तरी परवानगीशिवाय तोडू नका.

वीज, बॅटरी की पेट्रोल

हातभर लांबीच्या बॅटरीच्या मशिनी मोसंबीची छाटणी आणि शेवग्याच्या फांद्या यासाठी बऱ्या आहेत. बाभळीच्या खोडाला त्या लावू नका. विजेची मशीन स्वस्त असते, आवाज कमी, देखभालही कमी. गावात अंगणात लाकूड आणून कापणार असाल तर खुशाल घ्या. रानात मात्र तिचा उपयोग नाही. शेतीची लाइट कधी दिवसा तर कधी रात्री, त्यात शंभर मीटर वायर ओढली की दाब पडतो आणि मोटार तापून जळते. रानासाठी पेट्रोलच.

पट्टी किती लांब

पट्टी म्हणजे चेन जिच्यावरून फिरते तो पुढचा लांब भाग. ती १६ इंच घ्या. फार तर १८. दुकानात २२ इंची पट्टीची मशीन समोर लावलेली असते, कारण ती दिसायला दांडगी दिसते. पण लाकडात जेवढे जास्त दाते एकदम बुडतात तेवढं इंजिन दबतं. लांब पट्टीचं टोक सारखं मातीत जातं आणि मातीत एक सेकंद गेलेली चेन तिथंच बोथट होते. शिवाय धार लावायचे दाते वाढतात. सध्या बाजारात सर्रास मिळणाऱ्या मशिनींत १८ इंची चेनला साधारण ३६ कापणारे दाते असतात, २२ इंचीला ४३. प्रत्येक दात हातानं घासायचा असतो हे लक्षात ठेवा. १६ इंची पट्टीनं दोन्ही बाजूंनी कापत गेलात तर दोन फुटांचा बुंधाही होतो.

सीसीचं म्हणाल, तर १६-१८ इंचाला ३८ ते ४५ सीसी भरपूर झाले. खोक्यावर ५८ लिहिलेलं आणि आतल्या पुस्तिकेत त्याहून कमी, असं मी स्वतः पाहिलंय. सीसीपेक्षा किलोवॉट बघा. विहिरीवरच्या मोटारीचा हिशोब इथंही चालतो, पाऊण किलोवॉट म्हणजे एक हॉर्सपॉवर. माझ्याकडे आता स्टिल (Stihl) कंपनीची एमएस १८० आहे, ३१.८ सीसीची. दोन हॉर्सपॉवरच्या आसपास ताकद आहे आणि धारदार चेन असली की ती फूटभर बाभूळ न अडखळता कापते.

चेन: इथंच बहुतेक जण फसतात

मशीन तुम्ही एकदा घेता. चेन दर एक-दोन वर्षांनी घ्यावी लागते, आणि बांधाला काटेरी तार ठोकलेली झाडं असली तर त्याहूनही लवकर. झाड वाढतं, तार-खिळा आत गिळतं, वरून काही दिसत नाही. म्हणजे मशीन निवडायची ती तिची चेन तुमच्या तालुक्याला मिळते का हे बघून. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या पहिल्या मशीनची चेन अशीच एका खिळ्यानं गेली. गोठ्याच्या पत्र्यावर बाभूळ पडलेली, बैल बाहेर पावसात. तालुक्याला एका दुकानात गेलो आणि म्हणालो, "१८ इंचाची चेन द्या." त्यानं दिली. घरी येऊन बसवली तर ती आतल्या दातेरी चाकावर नीट बसेना, धक्के देत फिरली आणि दोन तासांत चाकाचे दाते खाल्ले. चाक बदललं, दुसरी चेन आणली. ती चाकावर बसली, पण पट्टीच्या खाचेत डुलत होती, काप सरळ न जाता एका बाजूला वळायचा. तिसरी चेन सगळी बरोबर, फक्त लांब. ताण द्यायचा स्क्रू शेवटपर्यंत फिरवला तरी सैलच. पंधरा-वीस मिनिटांत ती पट्टीवरून उतरली आणि सपकन माझ्याकडे आली. खाली चेन अडवणारा आकडा असतो, त्याच्यामुळे मांडी वाचली. तीन चेनचे पैसे गेले, आठवडा गेला, आणि दुकानदाराची चूक एवढीच की मी मागितलं तेच त्यानं दिलं.

"१८ इंची चेन" असं काही नसतं. इंच पट्टीचे असतात. चेन तीन आकड्यांनी ओळखली जाते आणि तिन्ही जुळावे लागतात.

पहिला आकडा पिच, म्हणजे कड्यांमधलं अंतर. चेनवरच्या लागोपाठच्या तीन रिबिटांचं अंतर मोजा, पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत, आणि निम्मं करा. निम्मं करण्याआधीचं अंतर साडेसोळा मिलिमीटर आलं तर चेन .३२५ इंचाची, साडेअठरा ते एकोणीसच्या दरम्यान आलं तर ३/८ इंचाची. पिच आतल्या चाकाशी जुळावी लागते. माझी पहिली चूक ही.

दुसरा आकडा गेज, म्हणजे खालची कडी जिथं खाचेत बसते तिथली जाडी. १.१, १.३, १.५ आणि १.६ मिलिमीटर असे गेज येतात. डोळ्यांना १.३ आणि १.५ मधला फरक दिसत नाही, पण कापताना पहिल्याच बुंध्याला कळतो. चेन पट्टीत बसवून दाते दोन बोटांनी डावी-उजवीकडे हलवा. खळखळ झाली तर गेज चुकलंय किंवा पट्टी झिजलीय.

तिसरा आकडा कड्यांचा. वरच्या कापणाऱ्या दातांत गल्लत करू नका, खाली पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या टोकदार कड्या मोजायच्या. सुरुवातीच्या कडीला खडूची खूण करा, नाहीतर मोजताना हमखास चुकतं. ७२ म्हणजे ७२, दुकानदार "७४ पण चालते" म्हणाला तर चेन परत ठेवा.

हे तिन्ही आकडे बहुतेक वेळा पट्टीच्या मागच्या टोकाला कोरलेले असतात, तेलानं माखलेले म्हणून दिसत नाहीत. पुसून फोटो काढून ठेवा. आणि चेन आणायला जाताना जुनी चेन पिशवीत घालून न्या.

आता निवडीकडे या. मशीन पसंत पडली की लगेच पैसे काढू नका. तिचे तीन आकडे कागदावर लिहा आणि दुसऱ्या दोन दुकानांत जाऊन त्याच आकड्यांची चेन मागा. एका तरी दुकानात ती हातात मिळाली पाहिजे. "मागवून देतो" हे उत्तर धरायचं नाही. तिथंच विचारा, मशीन सुरू करायच्या दोरीची स्प्रिंग आहे का, पेट्रोल ओढायचा रबरी फुगा आहे का, कार्बोरेटरचं किट आहे का. हे मिळत नसेल तर ती मशीन कितीही चांगली असो, ऐन मोसमात ती कोपऱ्यात पडून राहील.

या कसोटीवर माझं मत असं. पैसे कमी असतील तर सगळीकडे एकाच साच्यात येणारी खोक्यावर ५२-५८ सीसी लिहिलेली साधी मशीन घ्या, १८ इंची पट्टीची. तिचे भाग एकमेकींना बसतात आणि लहान बाजारातही मिळतात. दुप्पट-तिप्पट खर्च झेपत असेल तर नावाजलेल्या कंपनीची लहान मशीन घ्या, जिचा सर्व्हिसवाला जिल्ह्याला आहे. या दोन्हींच्या मधली, ऑनलाइन जाहिरातीत दिसणारी, कधी नाव न ऐकलेली मशीन घेऊ नका. माझ्या पहिल्या मशीनची गोष्ट तीच होती.

आणि मशीनबरोबर गोल कानस घ्याच. .३२५ ला ४.८ मिलिमीटरची, लहान मशिनींवरच्या ३/८ ला ४ मिलिमीटरची. चुकीच्या जाडीच्या कानसीनं दात बिघडतो, धार येत नाही. भुसा ढलप्यांसारखा पडतोय तोवर चेन चांगली, पिठासारखा पडायला लागला की थांबा आणि प्रत्येक दाताला दोन-तीन हात मारा. ग्राइंडरवर धार लावून देणारे असतात. मी देत नाही. ग्राइंडरवर तापून दात निळा पडला म्हणजे त्याचं पाणी, म्हणजे कणखरपणा, गेलं, तो पुढं धार धरत नाही.

दुकानात सुरू करून बघा

खोक्यातली मशीन तशीच घरी आणू नका. थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू करायला लावा. हळू चालत असताना चेन फिरायला नको. रेस द्या आणि पुढचा कठडा मनगटानं पुढं ढकला, चेन तिथल्या तिथं थांबली पाहिजे. हा ब्रेक नसलेली किंवा तो नीट न धरणारी मशीन फुकट दिली तरी घेऊ नका. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन डोक्याकडे उसळते, त्या क्षणी हा ब्रेकच तुमच्या कामाला येतो. मग ब्रेक सोडून टोक पांढऱ्या पुठ्ठ्याच्या थोडं वर, न टेकवता धरून रेस द्या, तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. चेन उलटी बसवलेली नाही ना तेही बघा. पट्टीच्या वरच्या बाजूला दातांची धार पुढं, टोकाकडे असते.

जुनी मशीन घेत असाल तर दोरीच्या मुठीला धरून ती उचला. दोरी सरसर सुटून मशीन खाली गेली तर इंजिनात दम उरलेला नाही.

घरी आणल्यावर

पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल पुस्तिकेत सांगितलं तेवढंच घाला. एका लिटरला २५:१ म्हणजे ४० मिली, ५०:१ म्हणजे २० मिली. बुचानं मोजू नका, जनावरांच्या औषधाची २० मिलीची सिरिंज वापरा. पट्टीच्या तेलाच्या टाकीत जळकं ऑइल घालायचा सल्ला सगळे देतात. त्यात लोखंडाची कीस असते, ती तेलाचा पंप आणि पट्टी दोन्ही खाते. चेन ऑइल मिळालं नाही तर ताजं इंजिन ऑइल घाला.

नवी चेन पहिल्या दिवशी ताणते. दोन-चार काप झाले की थांबा, गार होऊ द्या, मग ताण द्या. पट्टीच्या खाली चेन लोंबायला नको आणि हातानं सहज ओढली गेली पाहिजे. गरम असताना आवळली असेल तर काम संपल्यावर सैल करा, गार होताना ती आखडते. पायात बूट, डोळ्यांवर चष्मा, गळ्यात टॉवेल-उपरणं काही नको, आणि खांद्याच्या वर मशीन उचलायची नाही. बाभूळ शक्यतो ओली असतानाच कापा, वाळली की ती लोखंडासारखी होते.

आता पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे. इथेनॉल ओलावा ओढतं आणि कार्बोरेटरचे रबरी पडदे खराब करतं. मिसळलेलं पेट्रोल महिन्याच्या वर ठेवू नका. मशीन बाजूला ठेवण्याआधी टाकी रिकामी करा, मग इंजिन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. पट्टी काढून खाच तारेनं साफ करा आणि परत बसवताना पट्टी उलटी करून बसवा, म्हणजे ती दोन्ही बाजूंनी सारखी झिजते.