कानाच्या पडद्यामागे पाणी: औषध कधी, वाट कधी

पावसाळ्यातली सर्दी ओसरते, पण मूल टीव्हीचा आवाज वाढवतं, मागून हाक मारली तर वळत नाही. ताप नाही, ठणका नाही. डॉक्टरांनी पडद्यामागे पाणी सांगितलं, तर कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून सर्दीचं सिरप आणू नका. अँटिहिस्टामिन, नाक मोकळं करणारी औषधं, स्टेरॉइड, अँटिबायोटिक यांनी हे पाणी कायमचं हटत नाही. वर गुंगी किंवा जुलाब मागे लागतात. कोमट तेल तर नकोच. पडदा शाबूत असेल तर थेंब पलीकडे पोचतच नाहीत.

तारीख लिहा आणि 3 महिने थांबा. बहुतेकदा कान-नाक जोडणारी नळी मोकळी होऊन पाणी आपोआप जातं. तोवर समोर बसून बोला, शाळेत पुढचा बाक मागा, घरात सिगारेट बंद.

नंतरही टिंपॅनोमेट्रीचा, म्हणजे पडदा किती हलतो ते मोजणाऱ्या तपासणीचा, आलेख सपाट आला (पाणी अजून आहे), तर श्रवणचाचणी करा. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण संस्थेत ती होते. ऐकू कमी येत असेल तर ग्रोमेटचा, म्हणजे पडद्यात बसवायच्या छोट्या नळीचा, विचार होतो. बोलणं उशिरा आलेल्या किंवा दुभंगलेल्या टाळूच्या मुलासाठी इतकं थांबू नका.

ताप, ठणका, पू आला तर मात्र तो तीव्र संसर्ग. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अँटिबायोटिक तेव्हा लागू शकतं. वेदनेला पॅरासिटामॉल: एका डोसाला दर किलो वजनामागे 15 मिग्रॅ, दोन डोसांमध्ये 6 तासांचं अंतर.