स्थानकाजवळचा कॉन्डो कसा निवडावा

मेट्रो किंवा उपनगरी रेल्वेच्या स्थानकाजवळ कॉन्डो, म्हणजे सामाईक इमारतीतली मालकीची सदनिका, घेणाऱ्याच्या पदरात एकाच करारातून तीन गोष्टी पडतात: चार भिंतींच्या आतले स्वतःचे घर, पाया, लिफ्ट, जिने आणि गच्ची यांच्यातला अविभक्त हिस्सा, आणि दारापासून फलाटापर्यंतची रोजची वाट. घरातील फरशी किंवा ओटा नंतर हवा तसा बदलता येतो. इमारतीतले काहीही एकट्याच्या इच्छेने बदलत नाही आणि स्थानक तर जागचे हलतच नाही. तरीही घर पाहायला जाणारी बहुतेक माणसे आपला सगळा वेळ खोल्या न्याहाळण्यात घालवतात. माझ्या मते क्रम उलटा असावा: आधी वाट, मग इमारत आणि सर्वांत शेवटी खोल्या.

माणूस साधारण गतीने मिनिटाला ८० मीटर चालतो, म्हणजे ८०० मीटरला १० मिनिटे लागतात. मात्र हा हिशेब नकाशावरच्या सरळ रेषेला लावून उपयोग नाही. प्रत्यक्षात लिफ्टची वाट पाहावी लागते, वळसा घालून फाटकाबाहेर पडावे लागते, रुंद रस्त्याच्या सिग्नलपाशी थांबावे लागते, आणि स्थानकाचे प्रवेशद्वार गाठल्यावरही फलाट पुष्कळ दूर असू शकतो. कीव्हमधील आर्सेनाल्ना हे मेट्रो स्थानक जमिनीखाली सुमारे १०५ मीटर खोल आहे; तेथे सरकत्या जिन्यांवरच काही मिनिटे जातात. म्हणून कामाच्या दिवशी, आपण रोज निघणार त्याच वेळी, नेहमीची पिशवी खांद्याला लावून घराच्या दारापासून फलाटापर्यंत चालून पाहावे आणि घड्याळ लावावे. रात्री शेवटच्या गाड्यांच्या सुमारास तीच वाट उलट दिशेने पुन्हा चालावी. दिवसा गजबजलेला रस्ता दुकाने बंद झाल्यावर कसा वाटतो, दिवे कुठे संपतात आणि पदपथ कुठे तुटतो, हे त्याशिवाय कळत नाही. घरात वृद्ध माणूस किंवा तान्हे मूल असेल तर स्थानकाच्या लिफ्ट चालू असतात का, हेही पाहावे.

अंतराइतकेच महत्त्व गाड्यांच्या वारंवारितेला आहे. गाड्या नियमित ५ मिनिटांनी येत असतील तर न ठरवता गेलेल्या प्रवाशाला सरासरी अडीच मिनिटे थांबावे लागते. २० मिनिटांनी येत असतील तर १० मिनिटे. त्यामुळे वारंवार गाड्या असलेले थोडे दूरचे स्थानक अनेकदा दाराशी असलेल्या पण तुरळक सेवेच्या स्थानकापेक्षा सोयीचे ठरते. वेळापत्रक पाहताना गर्दीच्या तासांबरोबरच रविवारचे आणि रात्री उशिराचे रकानेही वाचावेत. एक मार्ग बंद पडल्यास दुसरा मार्ग किंवा चांगली बससेवा हाताशी असणे, ही मी मोठी जमेची बाजू मानतो.

जो मार्ग अजून सुरू झालेला नाही, त्याच्यासाठी जास्तीची किंमत मोजू नये. लंडनची एलिझाबेथ लाइन डिसेंबर २०१८ मध्ये सुरू होणार होती. तिच्या मध्यवर्ती भागातून पहिली प्रवासी गाडी २४ मे २०२२ रोजी धावली. बोगदे खणून झाल्यावरही इतका विलंब होऊ शकतो, तर ज्या मार्गाची केवळ घोषणा झाली आहे त्याच्या भरवशावर घराचे हप्ते बांधून घेणे धोक्याचे आहे.

स्थानकाच्या शेजाराची दुसरी बाजू म्हणजे आवाज. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये रेल्वेचा आवाज दिवस-संध्याकाळ-रात्र मिळून (संध्याकाळच्या आणि रात्रीच्या आवाजाला अधिक वजन देऊन काढलेल्या) सरासरी ५४ डेसिबलच्या आणि रात्री सरासरी ४४ डेसिबलच्या खाली असावा, अशी शिफारस केली. ग्राहकाने मोजमाप करण्यापेक्षा कान लावणे अधिक सोपे आहे: झोपण्याच्या खोलीत सगळे दिवे, पंखे आणि यंत्रे बंद करून आधी खिडकी लावून आणि मग उघडून, दोन-तीन गाड्या जाईपर्यंत गप्प बसावे. वळणावर चाके करकरतात आणि सांधे बदलण्याच्या ठिकाणी खडखडाट वाढतो, म्हणून एकाच मार्गालगतच्या दोन इमारतींत मोठा फरक असू शकतो. उन्नत मार्गाच्या कडेच्या ध्वनिरोधक भिंतीचा लाभ खालच्या मजल्यांना होतो. तिच्यावरून थेट रूळ दिसत असतील त्या मजल्यांना तो होत नाही. भुयारी मार्गावर आवाजाऐवजी कंप जाणवतो आणि तो भिंतीला तळहात टेकवल्यावर कळतो.

आता इमारत. येथे सर्वाधिक वेळ द्यावा, कारण सर्वाधिक पैसा येथेच बुडतो. विक्रेत्याकडून किंवा व्यवस्थापन समितीकडून उपविधी, गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते, विमापत्र आणि राखीव निधीचा तपशील मागून घ्यावा. मासिक देखभाल शुल्क कमी असणे हा गुण समजला जातो. पण लिफ्ट साधारणपणे २० ते २५ वर्षांनी बदलावी लागते आणि गच्चीचे जलरोधन त्याहून लवकर, आणि त्यासाठी निधी साठत नसेल तर ते कमी शुल्क म्हणजे पुढे ढकललेले देणे असते. निधी अपुरा पडला की सर्व सदनिकाधारकांवर विशेष आकारणी बसते आणि ती नव्या मालकालाही चुकत नाही. इतिवृत्ते वाचताना पुन्हा पुन्हा येणारा विषय शोधावा. ‘गच्चीची गळती: निर्णय पुढील सभेत’ हे वाक्य सलग तीन वर्षे दिसले, तर दुखणे पाण्याचे जितके तितकेच त्या समितीचे आहे. थकबाकीदार किती आहेत आणि इमारतीवर कोणता दावा चालू आहे, तेही विचारावे.

हा कागदोपत्री सोपस्कार नव्हे. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील सर्फसाइड येथील ‘चॅम्प्लेन टॉवर्स साउथ’ ही १९८१ साली बांधलेली १२ मजली कॉन्डो इमारत २४ जून २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर अंशतः कोसळली आणि ९८ जणांचा मृत्यू झाला. पोहण्याच्या तलावाभोवतीच्या जागेचे जलरोधन निकामी झाल्याने काँक्रीटच्या स्लॅबचे मोठे नुकसान होत असल्याचे एका अभियंत्याने २०१८ मध्येच लिहून दिले होते. सुमारे दीड कोटी डॉलरची विशेष आकारणी मंजूर झाली, पण संरचनेची मुख्य दुरुस्ती सुरू होण्याआधीच इमारत पडली. तो अहवाल आणि त्या सभांची कागदपत्रे वाचणाऱ्या ग्राहकाने निदान अधिक प्रश्न विचारले असते. दुसऱ्याच वर्षी फ्लोरिडाने तीन किंवा अधिक मजल्यांच्या जुन्या कॉन्डो इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक केली.

खोल्यांबद्दल थोडक्यात: करारातील क्षेत्रफळ भिंतींच्या आतले आहे की बाहेरचे, याची खात्री करून स्वतः फितीने मोजावे, दिवसा दिवे न लावता उजेड पाहावा, नळाचा दाब आणि न्हाणीघराच्या भिंतींची ओल तपासावी. खिडकीसमोर मोकळा भूखंड असेल तर तेथे काय बांधता येते, हे स्थानिक नियोजन कार्यालयात विचारावे. स्थानकाभोवती पुष्कळ शहरे अधिक उंच बांधकामाला परवानगी देतात आणि आजचा देखावा उद्या समोरच्या भिंतीआड जाऊ शकतो. वाहन ठेवण्याची जागा मालकीची आहे की केवळ वापरासाठी नेमून दिलेली, हे लेखी पाहावे. गाडी नसेल तर त्या जागेसाठी पैसे मोजू नयेत.

इसार (सौद्याची आगाऊ रक्कम) देण्यापूर्वी सर्व कागदपत्रे स्वतःच्या वकिलाकडून आणि इमारत जुनी असल्यास स्वतंत्र संरचना अभियंत्याकडून तपासून घ्यावीत. ती वेळेत मिळणार नसतील तर तपासणी समाधानकारक न झाल्यास इसार परत मिळेल, अशी अट करारात मुदतीसह लिहून घ्यावी. या अटीला विक्रेता तयार नसेल तर त्याचे कारण समजल्याशिवाय सही करू नये.