कर्करोगतज्ज्ञांकडे पहिल्यांदा जाताना या चुका टाळा

परभणी-जळगावहून रात्रभर प्रवास करून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात येणाऱ्या अनेक कुटुंबांकडे रिपोर्टांची जाडजूड फाईल असते. मात्र ज्यावरून निदान पक्के करायचे, ती वस्तू गावाकडच्या लॅबमध्येच राहिलेली असते. बायोप्सीत काढलेला तुकडा मेणात बसवून ब्लॉक करतात आणि त्याचे अतिशय पातळ काप काचेवर रंगवून स्लाइड तयार करतात. रिपोर्ट हे त्या स्लाइड पाहून एका पॅथॉलॉजिस्टने दिलेले मत असते. मोठ्या रुग्णालयात स्लाइड पुन्हा तपासल्या जातात, आणि स्तनाच्या कर्करोगात ईआर, पीआर (हार्मोनला प्रतिसाद देणारी प्रथिने), हर-२ (पेशींची वाढ करणारे प्रथिन) यांसारख्या, कोणते औषध लागू पडेल हे सांगणाऱ्या चाचण्या करायच्या झाल्यास त्याच ब्लॉकमधून नवे काप घ्यावे लागतात. म्हणून भेटीच्या काही दिवस आधीच लॅबकडे लेखी अर्ज करून स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही मागून घ्यावेत आणि त्यांवरचा क्रमांक रिपोर्टवरील क्रमांकाशी जुळतो का, हे तिथेच पाहावे. लॅब खळखळ करत असेल, तर बायोप्सी करणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी न्यावी. उन्हाळ्यात ब्लॉक बंद गाडीत ठेवू नयेत. मेण उन्हाने मऊ पडते.

सीटी किंवा एमआरआयचा केवळ कागदी रिपोर्ट पुरत नाही. सीडी सोबत हवी, आणि ती उघडते की नाही हे निघण्यापूर्वीच तपासावे.

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे भेटीआधीच घाईने गाठ काढून टाकणे. निदान आणि आजाराचा टप्पा ठरण्याआधी झालेल्या अपुऱ्या शस्त्रक्रियेमुळे पुढचे उपचार अवघड होऊ शकतात. आजार शरीरात कुठे पसरला आहे हे दाखवणारा पेट स्कॅनही स्वतःहून करून घेऊ नये. तो लागणार आहे का, हे तज्ज्ञांना ठरवू द्यावे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, आयुर्वेदिक काढे, तंबाखू, यांतले काहीही डॉक्टरांपासून लपवू नये. रुग्णाला बाहेर बसवून नातेवाइकांनीच बोलण्याची पद्धतही सोडायला हवी, कारण त्रास कुठे आणि कधीपासून होतो हे रुग्णालाच नेमके सांगता येते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ घ्यायचा असेल, तर शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन आरोग्यमित्राला (रुग्णालयातील योजनेच्या मदतनीसाला) त्याच दिवशी भेटावे. नियोजित उपचारांसाठी योजनेची मंजुरी आधी लागते. पुढे मूल हवे असलेल्या तरुण रुग्णांनी स्त्रीबीज किंवा शुक्राणू गोठवून ठेवण्याविषयी याच भेटीत विचारावे, कारण केमोथेरपी सुरू झाल्यावर ती संधी हातची जाऊ शकते.