संकेतस्थळावरील चित्रे हलकी करताना: आधी पिक्सेल, मग स्वरूप, मग शब्द

पान उघडायला वेळ लागतो असे दिसले, की पुष्कळ जण सर्व्हर बदलण्याच्या विचाराला लागतात. त्याआधी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क हा विभाग उघडावा, फक्त चित्रे दिसतील अशी निवड करावी आणि यादी आकारमानाच्या उतरत्या क्रमाने लावावी. पानाचे बरेचसे वजन वरच्या दोन-तीन ओळींतच साठलेले असते, आणि त्या ओळींत बहुधा कॅमेऱ्यातून किंवा फोनमधून निघाले तसेच चढवलेले छायाचित्र सापडते.

अशा छायाचित्राची मोजमापे समजा ४००० बाय ३००० पिक्सेल आहेत, म्हणजे एकूण १ कोटी २० लाख पिक्सेल. पानावर त्याला मिळालेली जागा मात्र ८०० पिक्सेल रुंद आहे. ब्राउझर ते लहान करून दाखवतो खरा, पण त्यासाठी पूर्ण फाइल वाचकाच्या यंत्रावर उतरलेली असावी लागते. शिवाय चित्र उलगडताना एका पिक्सेलला साधारण ४ बाइट लागत असल्यामुळे सुमारे ४८ एमबी स्मृती व्यापली जाते. फाइल कितीही दाबली तरी हा दुसरा भार कमी होत नाही, तो कमी होतो फक्त पिक्सेल कमी केल्याने. म्हणून कॉम्प्रेशनच्या, म्हणजे फाइल दाबण्याच्या, आधी आकार ठरवावा, असे माझे ठाम मत आहे. दुप्पट घनतेच्या, म्हणजे तेवढ्याच रुंदीत दुप्पट पिक्सेल मावणाऱ्या, पडद्यांचा विचार करून १६०० बाय १२०० ठेवले, तरी पिक्सेलची संख्या मूळच्या सहाव्या हिश्शापेक्षा कमी होते.

फोन आणि मोठा पडदा या दोघांना एकच फाइल देणे योग्य नाही. एकाच चित्राच्या ४००, ८००, १२०० आणि १६०० पिक्सेल रुंदीच्या प्रती तयार करून त्या इमेज टॅगच्या (पानाच्या कोडमध्ये चित्र बसवणाऱ्या खुणेच्या) ‘सोर्ससेट’मध्ये, म्हणजे उपलब्ध प्रतींच्या यादीत, द्याव्यात. त्याच्या जोडीला ‘साइझेस’, म्हणजे पानावर चित्र किती रुंद दिसणार ते, लिहिणे अनेकांकडून राहून जाते. ते नसले, तर चित्र पडद्याच्या पूर्ण रुंदीचे आहे असे ब्राउझर धरून चालतो आणि तीन स्तंभांच्या मांडणीतल्या छोट्याशा चित्रासाठीही मोठी प्रत मागवतो.

स्वरूपाचा निर्णय चित्रात काय आहे यावर घ्यावा. बोधचिन्ह आणि साध्या रेषाकृती एसव्हीजी या पिक्सेलऐवजी रेषा-आकारांचे वर्णन साठवणाऱ्या स्वरूपात ठेवाव्यात. छायाचित्रांसाठी वेबपी किंवा एव्हीआयएफ ही जेपेगपेक्षा नवी स्वरूपे वापरावीत. तुल्य दर्जाच्या जेपेगपेक्षा वेबपीची फाइल २५ ते ३४ टक्के लहान होते असे गुगलचे मोजमाप आहे, आणि एव्हीआयएफ बहुधा त्याहूनही लहान होते. अक्षरे असलेल्या पडद्याच्या चित्रांना पीएनजी किंवा बिनहानीचे (काही माहिती न गाळता दाबलेले) वेबपी बरे. यामागचे कारण डोळ्यांनी पाहता येते: पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरे असलेले चित्र जेपेगमध्ये साठवून चौपट मोठे करून पाहावे, म्हणजे अक्षरांच्या कडांना लालसर धुके चिकटलेले दिसेल. जेपेगमध्ये बहुधा रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा निम्म्या बारकाव्याने साठवली जाते, त्याचा तो परिणाम असतो. छायाचित्रात तो खपून जातो, अक्षरांत खपत नाही.

चित्र साठवताना निवडायचा गुणवत्तेचा आकडा ७५ ते ८० पासून सुरू करून उतरवत जावा आणि प्रत्येक वेळी चित्र खऱ्या आकारात पाहावे. आकाशासारख्या हळूहळू बदलणाऱ्या रंगात पट्टे उमटू लागले किंवा केसांचा पोत विरघळू लागला, की एक पायरी मागे यावे. स्क्वूश या साधनात मूळ आणि दाबलेली प्रत शेजारी ठेवून हे तपासता येते. नवी प्रत नेहमी मूळ फाइलवरूनच काढावी, कारण दाबलेले जेपेग पुन्हा दाबले की आधीचे दोषही त्यात कायमचे मुरतात. छायाचित्रासोबत आलेली स्थळाची नोंद काढून टाकावी. मात्र त्याआधी चित्र योग्य दिशेला फिरवून घ्यावे आणि रंग एसआरजीबी या वेबवरच्या प्रमाण रंगपद्धतीत बदलून घ्यावेत, नाहीतर ते आडवे किंवा फिक्या रंगांत दिसू शकते.

आता उतरण्याच्या क्रमाविषयी. पानावरच्या खालच्या चित्रांना ‘लोडिंग लेझी’, म्हणजे वाचक जवळ आल्यावरच चित्र मागवण्याची सूचना, देणे चांगले, पण सरसकट सगळ्यांना ते लावणे ही फार वारंवार दिसणारी चूक आहे. पान उघडताच समोर येणारे मोठे चित्र तेवढ्याने उशिरा मागवले जाते, आणि एलसीपी, म्हणजे सर्वांत मोठा दृश्य घटक दिसण्याची वेळ, बहुतेकदा त्याच चित्रावर ठरते. ही वेळ २.५ सेकंदांच्या आत असावी. म्हणून त्या एका चित्राला लेझी न लावता ‘फेचप्रायॉरिटी हाय’, म्हणजे ते आधी मागवण्याची सूचना, द्यावे आणि ते सीएसएसच्या (पानाची मांडणी व रंगरूप ठरवणाऱ्या कोडच्या) पार्श्वभूमीत न ठेवता थेट इमेज टॅगमध्ये ठेवावे. प्रत्येक टॅगमध्ये रुंदी आणि उंची लिहिली, की जागा आधीच राखली जाते आणि वाचता वाचता मजकूर खाली सरकत नाही.

सीएसएसमधल्या चित्रांची नोंद गुगल घेत नाही, हे शोधाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. नोंद व्हायला हवी असलेले चित्र टॅगमध्ये असावे, त्याचा मार्ग रोबोट्स फाइलने (शोधयंत्रांनी कुठे जाऊ नये हे सांगणाऱ्या फाइलने) अडवलेला नसावा आणि त्याच्या आसपास त्याच विषयाचा मजकूर असावा. फाइलचे नाव कॅमेऱ्याने दिलेला क्रमांक नसावे, तर शब्दांच्या मध्ये संयोगचिन्ह असलेले छोटे वर्णन असावे. पर्यायी मजकूर, म्हणजे टॅगच्या ‘आल्ट’ या गुणधर्मात दिलेले चित्राचे वर्णन, लिहिताना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनाने पान ऐकणारी व्यक्ती डोळ्यांसमोर ठेवावी. ‘सायकल, स्वस्त सायकल, उत्तम सायकल’ याने तिला काहीच कळत नाही. ‘भिंतीला टेकवलेली लाल सायकल, मागचे चाक काढलेले’ याने कळते, आणि शोधयंत्रालाही तेच उपयोगी पडते. केवळ सजावटीच्या चित्राचा पर्यायी मजकूर रिकामा सोडावा, पण तो गुणधर्म गाळू नये.

चित्रे ब्राउझरच्या साठ्यात एक वर्ष राहतील अशी मुदत द्यावी आणि चित्र बदलले तरच फाइलचे नाव बदलावे. विनाकारण नाव बदलले, तर शोधयंत्राला ते चित्र नव्याने शोधून नोंदवावे लागते.

शेवटी गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या वेग मोजणाऱ्या साधनात पान तपासावे. तिथली प्रयोगातली मोजणी लगेच सुधारलेली दिसते, पण खऱ्या वाचकांकडून आलेले आकडे मागच्या २८ दिवसांचे असतात. त्यामुळे बदल केल्याची तारीख लिहून ठेवावी आणि त्या आकड्यांवरून निष्कर्ष चार आठवड्यांनंतरच काढावा.