नेपोलियनच्या काळातलं सागरी पत्र विकत घेताना: आधी हशील जुळवा

नेपोलियनशी चाललेलं इंग्लंडचं युद्ध १८१५ मध्ये संपलं. त्याआधी जहाजाने आलेलं पत्र घ्यायचं असेल तर त्यावर तिकीट शोधू नका; पहिलं तिकीट १८४० चं. हाती येतो तो एकच कागद. आत मजकूर, घडी घालून बाहेर पत्ता, वर लाखेची मोहर. ‘पाकीट हरवलंय’ म्हणून हळहळणाऱ्या विक्रेत्याकडे लक्ष देऊ नका. पाकीट म्हणजे दुसरा कागद, आणि दोन कागद झाले की हशील, म्हणजे टपालाचा आकार, दुप्पट. म्हणून पाकीट सहसा कुणी वापरत नसे.

आधी कागद उजेडासमोर धरा. वॉटरमार्कमध्ये, म्हणजे कागदात उमटलेल्या फिकट खुणेत, साल असेल आणि ते पत्रातल्या तारखेनंतरचं असेल, तर पत्र परत करा.

मग शिक्का बघा. बंदराचं नाव आणि ‘शिप लेटर’ असे शब्द असले की पत्र खासगी जहाजाने आलं. त्या कप्तानाला टपालखात्याकडून पत्रामागे २ पेन्स मिळत.

आता हशील. इथेच बहुतेक जण फसतात, मीही फसलो आहे. पत्त्यावरून आडवातिडवा गेलेला शाईचा फराटा म्हणजे सही नव्हे, पोस्टाने लिहिलेली रक्कम असते. काळ्या शाईत असेल तर पैसे घेणाऱ्याने द्यायचे, लाल शाईत असेल तर पाठवणाऱ्याने भरलेले. ‘1/4’ म्हणजे पाव नाही, १ शिलिंग ४ पेन्स. शिलिंगाचे पेन्स १२.

मी जमैकाहून आलेलं, इंग्लंडमधल्या डील बंदराचा शिक्का असलेलं, लंडनच्या पत्त्याचं एक पत्र १८१३ चं म्हणून घेतलं. शिक्का खरा, कागद खरा, हस्ताक्षरही खरं. युद्धकाळातलं म्हणून शांततेतल्या पत्राच्या तिप्पट पैसे मोजले. फराटा होता 1/4 चा, पण मी हिशेब केलाच नाही. केला असता तर तिथल्या तिथे कळलं असतं. १८१३ मध्ये बाहेरून आलेल्या जहाजी पत्राला ४ पेन्स. डील ते लंडन अंतर ५० ते ८० मैलांच्या टप्प्यात, त्याचे १८१२ च्या दराने ८ पेन्स. एकूण १ शिलिंग. मग वरचे ४ पेन्स कशाचे? जहाजी आकार १८१४ मध्ये ६ आणि १८१५ मध्ये ८ पेन्स झाला. आठ अधिक आठ सोळा, म्हणजेच 1/4. पत्र १८१८ चं होतं. दिवा बाजूने तिरपा धरला तेव्हा दिसलं: सालातल्या शेवटच्या इंग्रजी आठाची डावी बाजू पात्याने खरवडून तीन केला होता आणि तेवढ्या जागी कागदाचे तंतू उभे राहिले होते.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे. बंदर, गाव, साल आणि कागदांची संख्या घेऊन रक्कम स्वतः काढायची, मगच विक्रेत्याचं वर्णन वाचायचं. ‘तज्ज्ञाने पाहिलंय’ हे उत्तर स्वीकारू नका, बेरीज मागा. मात्र रक्कम कमी दिसली म्हणून लगेच नकली ठरवू नका. १८१५ नंतर हिंदुस्थानातून आलेल्या हलक्या पत्रांना सवलतीचे ४ पेन्सच पडत. खडकीच्या लढाईची बातमी घेऊन मुंबईहून निघालेलं आणि १८१८ मध्ये डीलला उतरलेलं पत्र लंडनला १ शिलिंगातच पोचणार. त्यावर ‘इंडिया लेटर’ असा शिक्का शोधा.

खलाशाचं किंवा साध्या शिपायाचं पत्र म्हणून जास्त दाम मागितला, तर १७९५ चा कायदा आठवा. १ पेनीत पत्र जाई, पण पेनी आधी भरावी लागे आणि बाहेरच्या बाजूला जहाजाचं किंवा पलटणीचं नाव घालून वरिष्ठ अधिकाऱ्याने सही करावी लागे. अधिकाऱ्यांना स्वतःला ही सवलत नव्हती. तेव्हा लेफ्टनंटचं ‘पेनीचं पत्र’ कुणी दाखवलं तर घेऊ नका.

भूमध्य समुद्राकडून आलेल्या पत्रांवर सुरीच्या चिरा असतात. साथीच्या भीतीने कागद चिरून व्हिनेगर किंवा धुरी देत. त्या चिरा बुजवू नका, तो पुरावा आहे.

पत्र भारतात घेतलं असेल तर परदेशी विकण्याआधी १९७२ चा पुरावस्तू कायदा वाचा. ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित ७५ वर्षांचं झालं की त्याला तो लागू होतो.

लॅमिनेशन आणि चिकटपट्टी कधीच नको. आम्लविरहित कागदात, पावसाळ्यात सिलिका जेलसोबत, आडवं ठेवा. मोहरेवर वजन येऊ देऊ नका, लाख तडकते.