सायटिकासाठी मणका ‘कट्’ असा वाजवून घ्यायला जाताय? आधी या चुका टाळा

सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेचे दिवस होते, संक्रांत नुकतीच झाली होती आणि दुकानात सुताची गोणी उचलायला वाकलो तर कमरेत चमक निघाली. दोन दिवसांत कंबर मोकळी झाली म्हणून मी खूश, पण कळ गेली नव्हती, ती खाली उतरली होती. डाव्या कुल्ल्यातनं मांडी, मग पोटरीच्या बाहेरच्या अंगानं पार पायाच्या अंगठ्यापर्यंत, करंट लागल्यासारखी. यालाच सायटिका म्हणतात. खोकलं तरी कळ, शिंकलं तरी कळ. घरच्यांनी पायाळू बाईकडून कमरेत लाथ मारून घ्यायला लावली, ओळखीच्या एकानं तेल लावून चोळलं, आणि शेवटी मोबाईलवर मणके कडाकडा वाजवणारे व्हिडिओ बघून मी एका ठिकाणी जाऊन पोहोचलो. त्या माणसानं पायाला हातसुद्धा लावला नाही, सरळ पालथं झोपवलं आणि कंबर पिळली. मोठा आवाज आला, मला एकदम हलकं वाटलं, पैसे दिले आणि निघालो.

चार दिवसांनी नवी पेठेतनं चालताना मागून एक पोरगा ओरडला, काका, तुमची चप्पल. डाव्या पायातली चप्पल निसटून मागं पडली होती आणि मला पत्ताच नव्हता.

तेव्हा कळलं की मी दुखण्याकडंच बघत बसलो, ताकदीकडं बघितलंच नाही. नंतर हाडांच्या डॉक्टरांनी टेबलावर झोपवून माझ्या अंगठ्यावर त्यांचं एक बोट ठेवलं आणि म्हणाले, वर ढकला. उजव्या अंगठ्यानं त्यांचं बोट सहज उचललं, डावा नुसता थरथरला. एल-५ ची, म्हणजे कमरेच्या पाचव्या मणक्यापाशी निघणारी नस दबली होती. एवढी तपासणी अर्ध्या मिनिटाची असते, आणि मणक्याला हात लावायच्या आधी ती व्हायलाच पाहिजे. म्हणून माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच, तपासल्याशिवाय मणका वाजवून घेणं. नीट शिकलेला कायरोप्रॅक्टर (हातानं मणके-सांधे मोकळे करणारा) असो नाहीतर फिजिओ, तो आधी सरळ पाय वर उचलून बघतो, गुडघ्याखाली आणि टाचेच्या वर हातोडी मारून बघतो, टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावतो, टाचणीनं कुठं बधिर आहे ते विचारतो. अंगठा वर होत नसेल तर एल-५, चवड्यावर उभं राहता येत नसेल तर एस-१ म्हणजे तिच्या खालची नस, असा साधारण हिशोब असतो. हे काहीच न करता कुणी ‘झोपा’ म्हणालं तर उठून घरी या, लाजू नका.

आणि एक गोष्ट अशी की त्यात थांबायचंच नाही. लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली, संडासवरचा ताबा गेला, बसायच्या जागी म्हणजे सायकलच्या सीटला टेकते त्या भागात बधिर झालं, दोन्ही पायांत कळ किंवा लुळेपणा आला, तर कायरो नाही, फिजिओ नाही, उद्या सकाळी पण नाही. रात्री दोन वाजलेले असले तरी सिव्हिलला किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. मणक्याच्या खालच्या टोकाला नसांचा जुडगा असतो, तो सगळाच दाबला गेला तर ऑपरेशन तासांच्या हिशोबात करावं लागतं, उशीर झाला तर लघवीचा त्रास जन्मभर राहू शकतो. पायाची ताकद दिवसेंदिवस कमी होत असेल तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आवाजाला गुण समजणं ही दुसरी चूक, आणि ती जवळजवळ सगळेच करतात. आपल्याकडं म्हणतात मणका सरकला, गॅप पडली, तो ‘कट्’ झाला की जागेवर बसला. तसं नसतं हो. सांध्यातल्या पाण्यात दाब एकदम कमी झाला की गॅसचा बुडबुडा तयार होतो, त्याचा तो आवाज, बोटं मोडताना येतो तसलाच. हाड कुठं सरकलेलं नसतं आणि कुठं बसतही नाही. दोन मणक्यांच्या मधे गादी असते, आत जेलीसारखं आणि बाहेर जाड कडं, ते कडं फाटून आतलं बाहेर आलं की शेजारची नस दाबली जाते आणि सुजते पण. झटका दिल्यानं ती गादी आत ढकलली जात नाही. आखडलेले स्नायू सैल होतात, दुखणं काही काळ कमी होतं, हालचाल मोकळी होते, आणि त्याचा फायदा घेऊन व्यायाम सुरू करता येतो, एवढं त्याचं काम. बाहेर आलेला तुकडा बऱ्याचदा शरीर स्वतःच हळूहळू विरघळवतं, म्हणून बहुतेकांचा सायटिका सहा ते बारा आठवड्यांत उतरतो. कुठल्या दुखण्याला कुठला उपचार द्यावा हे सांगणाऱ्या इंग्लंडच्या नाइस संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शनातही हातानं करायचे उपचार व्यायामासोबतच द्या असं आहे, नुसते नाही.

मग कायरोप्रॅक्टिक वाईट का? अजिबात नाही. १८९५ मध्ये अमेरिकेत आयोवातल्या डेव्हनपोर्टला डी. डी. पामरनं ते सुरू केलं, तिकडं त्याची कॉलेजं आहेत, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ मध्ये जे निकष दिले त्यात पूर्ण शिक्षणाला किमान ४२०० तास धरलेत, त्यातले १००० तास देखरेखीखाली पेशंट बघण्याचे. आपल्याकडं अडचण अशी की डॉक्टरांची जशी मेडिकल कौन्सिल असते तशी कायरोप्रॅक्टरची सरकारी कौन्सिल नाही, त्यामुळं आठ दिवसांचा कोर्स केलेला पण बोर्ड लावतो. पाटी बघून विश्वास ठेवू नका, कुठं शिकलात, किती वर्षं शिकलात, हे तोंडावर विचारा, शिकलेल्या माणसाला राग येत नाही. मी पुढं पुण्याला एकांकडं गेलो, त्यांनी कंबर पिळलीच नाही. खाली झुकणाऱ्या टेबलावर पालथं झोपवून सावकाश ताण दिला, आवाज एकदाही नाही, आणि अंगठ्याची ताकद दर वेळी तपासली. हाडांच्या डॉक्टरांकडं पण फेऱ्या चालूच होत्या. माझी ताकद परत यायला तीन महिने लागले.

पुण्याला जाणाऱ्यांसाठी एक सांगतो. हुतात्मा एक्स्प्रेसनं चार तास जायचं आणि चार तास यायचं, एवढं बसून राहिलं तर टेबलावर मिळालेला आराम दौंडच्या आतच संपतो, माझा संपला होता. दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठून डब्यात फेरी मारा. रोज करायच्या गोष्टीसाठी सोलापुरातला चांगला फिजिओ धरा, लांबच्या चांगल्यापेक्षा जवळचा चांगला बरा.

उपचार करणाऱ्यापासून काही गोष्टी लपवणं, किंवा ‘त्याचा काय संबंध’ म्हणून न सांगणं, ही पण चूकच. संबंध असतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या, हाडं ठिसूळ असणं, बरेच दिवस स्टिरॉइड घेतलेलं असणं, पूर्वी कॅन्सर किंवा टीबी झालेला असणं, कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपल्यावर जास्त दुखणं, ताप. आपल्याकडं मणक्याचा टीबी आजही दिसतो आणि त्याला झटका देणं म्हणजे पोखरलेली भिंत ढकलणं. शुगरवाल्यांनी तर नक्की सांगा, कारण दोन्ही तळव्यांची आग आणि मोज्यासारखा बधिरपणा हा बऱ्याचदा मणक्याचा नसतोच, शुगरचा असतो. एका बाजूला पट्ट्यासारखी जळजळ आणि मग फोड आले तर नागीण.

एमआरआयचा रिपोर्ट वाचून घाबरणं हे पण टाळा. २०१५ मध्ये, अजिबात दुखत नसलेल्या ३११० लोकांचे स्कॅन एकत्र करून बघितले तेव्हा विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत गादी फुगलेली सापडली. कागदावर बल्ज लिहिलंय म्हणजे तोच गुन्हेगार असं नाही, पाय जे सांगतो ते रिपोर्टशी जुळलं पाहिजे.

मानेतून हातात कळ येत असेल (हाताच्या अंगठ्यात मुंग्या तर मानेतली सी-६ ची नस, मधल्या बोटात तर सी-७ ची) तर मान झटक्यात फिरवून घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. मेंदूला जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन लकवा येणं क्वचितच घडतं, पण घडतं, आणि त्यापेक्षा सौम्य उपाय आहेत. मग सलूनमध्ये कटिंग झाल्यावर मान मोडून घेण्याचं तर विचारूच नका.

वीस सिटिंगचं पॅकेज आधीच भरू नका. दोन-तीन आठवड्यांत, चार-सहा वेळा जाऊन काहीच फरक नसेल तर रस्ता बदलायचा, आणि पैसे भरलेत म्हणून लोक बदलत नाहीत हेच बघतो मी.

माझी मावशी विडी वळायची. मांडीवर सूप, मान खाली, मांडी घालून सकाळपासून दुपारपर्यंत, एक हजार झाल्याशिवाय उठायची नाही. तिला पण तसंच झालं, “पाय लई दुखालाय रे” म्हणून खाटेवर पडून राहायला लागली. पडून राहणं पण चुकीचंच, एक-दोन दिवस ठीक, त्यानंतर अंग आणखी आखडतं. तिला फिजिओनं दर शंभर विड्यांना उठून ओसरीत दोन फेऱ्या मारायला सांगितलं, पाटावर उंच बसवलं आणि भिंतीला पाठ लावली. आधी तिला पटेना, पण केलं तिनं.

एक दिवस ती घाबरून आली, पोटरीतली कळ गेली पण कंबर जास्त दुखायला लागली म्हणून. खरं तर ते चांगलं लक्षण होतं. कळ पायातून वर सरकत कमरेकडं आली तर नस सुटत चाललीय, कंबर थोडे दिवस जास्त दुखली तरी. उलट कंबर थांबली आणि कळ खाली खाली गेली, तर बिघडतंय, माझ्यासारखं. आणि कळ गेली पण बधिरपणा वाढला, पाय फरफटायला लागला, तर ते बरं होणं नाही, लगेच दाखवा.

हे लक्षात राहत नाही म्हणून आम्ही स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायला लागलो. रोज रात्री तारखेच्या चौकोनात एकच अक्षर, कळ जिथपर्यंत गेली ते. अंगठ्याला ‘अं’, पोटरीला ‘पो’, मांडीला ‘मां’, कमरेला ‘क’, आणि टाचांवर दहा पावलं चालता आलं तर बाजूला बरोबरची खूण. मावशीचं पहिलं पान ‘पो’नं भरलेलं होतं, पुढच्या महिन्यात ‘मां’ यायला लागले. फिजिओकडं जाताना ती कॅलेंडरच खिळ्यावरून काढून पिशवीत घालून न्यायची.