बदलत्या शहराचे आधी-नंतरचे फोटो कसे काढायचे

रिडेव्हलपमेंट सुरू झालं की जुनी बिल्डिंग भराभर पाडली जाते आणि वर्षभरात तिथे काय होतं हे कुणाला धड आठवतही नाही, म्हणून पत्रे लागायच्या आत फोटो काढा. पॅरिसमध्ये १८६०च्या दशकात जुन्या गल्ल्या पाडून मोठे रस्ते केले तेव्हा चार्ल्स मारव्हिलने आधीच त्यांचे फोटो काढून ठेवले होते, आज ते गल्ल्यांचे अनमोल पुरावे आहेत.

खरी मेहनत नंतरच्या फोटोत आहे. तीच जागा सापडायला हवी, त्यासाठी जुन्या फोटोत अजून टिकून असलेल्या दोन वस्तू शोधा, एक जवळची एक लांबची, समजा विजेचा खांब आणि मागची खिडकी. आता खांब खिडकीच्या मानाने जुन्या फोटोपेक्षा जास्त डावीकडे दिसतोय? मग तुम्हीही डावीकडे सरका, जुळेपर्यंत. झूमने हे जुळत नाही, उभं राहायची जागाच बदलावी लागते. शक्यतो तोच महिना आणि तीच वेळ ठेवा म्हणजे सावल्या सारख्या पडतात.

जुना फोटो नसेल तर गूगल मॅप्सच्या स्ट्रीट व्ह्यूमध्ये बऱ्याच ठिकाणी आधीच्या तारखा मिळतात, आणि गूगल अर्थच्या टाइमलॅप्समध्ये १९८४ पासून शहर कसं पसरत गेलं ते वरून दिसतं.

नुसत्या इमारती नका टिपू हां, दुकानांच्या पाट्या, झाडं, कट्ट्यावर बसलेली माणसं (त्यांना विचारून) हेही घ्या, मला तर तेच जास्त मोलाचं वाटतं. फाइलच्या नावात तारीख, रस्ता, कुठल्या दिशेला तोंड होतं ते लिहा आणि एक कॉपी दुसरीकडे ठेवा.